असेंबल्ड संगणकाबरोबर माहितीचा कागदही द्यावा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विंडोजची मासिक सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी प्रसिद्ध होतात, म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी रात्री. त्यामुळे नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांच्या कार्यालयांतून, शहरातल्या करसल्लागारांकडून आणि डीटीपीच्या दुकानांतून बुधवार-गुरुवारी सकाळी एकच तक्रार येऊ लागते: अपडेट अर्ध्यावर अडले, संगणकाने सगळे बदल मागे घेतले आणि आता तो पुन्हा पुन्हा तेच करतो आहे. हा दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान कधीही येतो आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांना जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ तारखेला संपते. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या की मालकाला दम धरवत नाही. मग दुकानातून कोणीतरी येतो, पडद्यावरचा एरर कोड वाचण्यापूर्वीच निदान करतो आणि सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." या भागातल्या लहान उद्योगांच्या संगणकांची देखभाल हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, आणि नाशिकमध्ये रूढ झालेल्या या एका वाक्याविषयी, तसेच असेंबल्ड म्हणजे दुकानात सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकाबरोबर द्यायच्या माहितीच्या कागदाविषयी, मला आपल्या दैनिकातून काही सांगायचे आहे.

फॉरमॅट केल्यावर, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकल्यावर, अडलेले अपडेट काही वेळा खरोखर पुढे सरकते, म्हणूनच तो उपाय रूढ झाला. पण दोष जर डिस्कच्या मांडणीत, संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या म्हणजे बायोसच्या सेटिंगमध्ये, सदोष रॅममध्ये किंवा मदरबोर्डवरच्या संपलेल्या सेलमध्ये असेल, तर पुढच्या मोठ्या अपडेटच्या वेळी गाडी पुन्हा त्याच जागी येऊन थांबते. मधल्या काळात ग्राहकाने फॉरमॅटचे पैसे दिलेले असतात, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर नव्याने घातलेले असतात, टॅलीचे लायसन्स पुन्हा सुरू करून घेतलेले असते, प्रिंटरचे शेअरिंग लावताना अर्धा दिवस गेलेला असतो. लग्नपत्रिका आणि अहवाल छापणाऱ्यांची अवस्था तर याहून अवघड होते, कारण त्यांच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरचे कुलूप डाँगल नावाच्या, संगणकाला जोडायच्या किल्लीवर असते, त्या डाँगलचा ड्रायव्हर ज्या सीडीवर आला ती सीडी सापडत नाही, आणि जुन्या फॉन्टमध्ये केलेली कामे उघडेनाशी होतात. इतकी किंमत मोजायला लावण्यापूर्वी बिघाडाचे कारण शोधणे हे दुरुस्ती करणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे मी मानते.

असेंबल्ड संगणकाविषयी माझ्या मनात आकस नाही, उलट मी तोच घ्यायचा सल्ला देते. गरजेनुसार भाग निवडता येतात, एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि वर्षानुवर्षे तोच खोका वापरता येतो. मात्र कंपनीच्या तयार संगणकात मदरबोर्डपासून बायोसपर्यंत सगळ्याला एकच कंपनी जबाबदार असते, एका क्रमांकावरून त्याचे सगळे ड्रायव्हर सापडतात आणि अपडेटमध्ये अडचण आली तर तिचा खुलासाही त्याच कंपनीकडून येतो. असेंबल्ड संगणकात मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, एसएसडी तिसऱ्याची, आणि हे सारे कसे जोडले व कोणत्या सेटिंगवर चालू केले, हे फक्त जोडणाऱ्यालाच ठाऊक असते. जोडणारा मुलगा दुकान सोडून गेला की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते. ग्राहकाच्या हाती उरते ते बिल, आणि त्यावर पुष्कळदा 'सीपीयू असेंबल्ड, १ नग' एवढाच मजकूर असतो.

अपडेट अडण्याच्या कारणांपैकी सर्वांत दुर्लक्षित कारण डिस्कच्या मांडणीत असते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई, एफ असे भाग पाडून देण्याची पद्धत जुनी आहे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये हिशेब, ईमध्ये फोटो, आणि सी उडाला तरी डी शाबूत राहील हा दिलासा. त्या काळात ते योग्यही होते. परंतु त्या सवयीपायी सी ड्राइव्ह अगदी बेताचा ठेवला जातो, तो कायम लाल रेषेवर असतो आणि मोठ्या अपडेटला लागणारी जागा त्यात नसते. ३० जीबी मोकळी झाल्याशिवाय मी स्वतः वार्षिक अपडेट सुरू करत नाही. शिवाय भागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्राथमिक भाग बसतात, त्यामुळे पुढचे भाग 'एक्स्टेंडेड' भागाच्या पोटात लॉजिकल म्हणून तयार केलेले असतात. विंडोज ११ साठी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची लागते, आणि डेटा न पुसता ते रूपांतर करण्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच विंडोजमध्ये दिलेले एमबीआरटूजीपीटी हे साधन अशा लॉजिकल भागांची डिस्क स्वीकारतच नाही. तपासणीच्या टप्प्यावरच ते नकार देते. त्या नकाराचा अर्थ संगणक जुना झाला असा काढून नवा घ्यायला सांगितले जाते, वास्तविक ई आणि एफमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून ते भाग मोडले की तेच रूपांतर सहसा निर्वेध पार पडते.

याहून फसवा प्रकार मी अंबडमधल्या एका कारखान्याच्या कार्यालयात पाहिला. जुन्या संगणकाला वेग यावा म्हणून त्यात एसएसडी बसवली होती आणि जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच ठेवली होती. संगणक वेगवान झाला, पण अपडेट प्रत्येक वेळी 'सिस्टम रिझर्व्ह्ड भाग अद्ययावत करता आला नाही' असे सांगून थांबे. त्याआधी तो संगणक बाहेरून फॉरमॅट करून आणला होता आणि तरीही तोच संदेश येत होता. डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिले तेव्हा एसएसडीवरच्या सी ड्राइव्हपुढे 'बूट' असे लिहिलेले दिसले, मात्र 'सिस्टम' हा शब्द होता जुन्या हार्ड डिस्कवरच्या १०० एमबीच्या चिमुकल्या भागापुढे. तो भाग विंडोज ७ च्या काळातला होता आणि जवळजवळ भरलेला होता. एसएसडीवर विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढलेली नव्हती, म्हणून संगणक सुरू करणाऱ्या फाइली विंडोजने त्या जुन्या भागातच ठेवल्या होत्या. दोष एका डिस्कवर आणि फॉरमॅट दुसऱ्या डिस्कवर, मग उपाय लागू पडणार कसा? सगळा डेटा बाजूला काढून एसएसडीवरच एक लहान भाग तयार केला, बीसीडीबूट या विंडोजमधल्याच आज्ञेने सुरुवातीच्या फाइली तिथे लिहिल्या, जुनी हार्ड डिस्क काढून ठेवून संगणक सुरू होतो याची खात्री करून घेतली, आणि त्यानंतर अपडेट सुरळीत बसले. विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात, हा नियम प्रत्येक दुकानात पाळला गेला तर असे कितीतरी संगणक वाचतील.

जागेचाच आणखी एक प्रश्न जानेवारी २०२४ मध्ये जगभर उद्भवला होता. त्या महिन्यातल्या विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटला, बिघाडातून सावरण्यासाठी डिस्कवर राखलेल्या रिकव्हरी भागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ती नसलेल्या संगणकांवर ८००७०६४३ या आकड्यांनी संपणारा कोड दिसत असे आणि तो भाग हाताने वाढवण्याची कृती मायक्रोसॉफ्टने स्वतः प्रसिद्ध केली होती. कोड वाचून ती कृती शोधणे एवढेच काम होते, तरी त्या काळातही लोकांना फॉरमॅटच सुचवले गेले.

कोड वाचण्याचा आग्रह मी यासाठी धरते की बहुतेक कोड दिशा दाखवतात. सी१९००१०१ ने सुरू होणारा कोड आला तर संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा. जुना अँटिव्हायरस, डाँगलचा कालबाह्य ड्रायव्हर किंवा जास्तीची जोडलेली यूएसबी उपकरणे काढून पुन्हा प्रयत्न केला की पुष्कळदा काम होते. मायक्रोसॉफ्टचे सेटअपडायग हे मोफत साधन अपयशाच्या नोंदी वाचून अपडेट नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले ते सांगते. विंडोजच्या फाइली खराब झाल्या असतील तर आधी डीआयएसएम आणि मग एसएफसी या आज्ञा चालवून त्या दुरुस्त करता येतात, डेटाला धक्का लागत नाही. डाउनलोड झालेल्या फाइली वारंवार सदोष निघत असतील, तर मात्र विंडोजला दोष देण्यापूर्वी रॅम तपासावी. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र बसवलेल्या असतील किंवा बायोसमधली एक्सएमपी ही सोय चालू करून रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेली असेल, तर एरवी ठीक वाटणारा संगणक अपडेटच्या ताणात चुका करतो.

मदरबोर्डवरच्या बटनाएवढ्या सेलकडे तर कोणाचेच लक्ष नसते. सीआर२०३२ नावाचा हा तीन व्होल्टचा सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. संध्याकाळी काम संपले की भिंतीवरचे बटन बंद करण्याची आपली सवय विजेच्या दृष्टीने चांगली असली, तरी त्यामुळे रात्रभर सगळा भार त्या सेलवर पडतो आणि तो लवकर संपतो. मग तारीख कित्येक वर्षे मागे जाते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रे संगणकाला अवैध वाटू लागतात आणि ८००७२एफ८एफ असा कोड देऊन अपडेट नाकारले जाते. एवढ्यावरच भागत नाही. सेल संपला की काही मदरबोर्डवर बायोसची सेटिंग्जही मूळ स्थितीला जातात, त्यामुळे काल चालणारा संगणक आज बूटच होत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलून आणि सेटिंग्ज पुन्हा लावून जे काम होते, त्यासाठी आख्खी डिस्क पुसली जाते हे पाहून मला वाईट वाटते.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून या प्रश्नाची तीव्रता वाढली आहे. घरगुती वापराच्या संगणकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स मिळण्याची सोय आहे, आणि व्यवसायांना पैसे भरून ती मुदत ऑक्टोबर २०२८ पर्यंत नेता येते. ही गोष्ट ग्राहकांना सांगितलीच जात नाही. सांगितले जाते ते एवढेच, की तुमच्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० म्हणजे गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा व्यवस्था, आणि सिक्युअर बूट म्हणजे सुरू होताना फक्त प्रमाणित फाइलीच चालू देण्याची सोय मदरबोर्डवर असावी लागते हे खरे. परंतु साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडी रायझनच्या २००० मालिकेपासूनचे बहुतेक प्रोसेसर त्यासाठी चालतात, आणि टीपीएमची सोय त्या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डवर आधीपासून असते. ती फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने. इथे एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे: डिस्क अजून एमबीआर पद्धतीची असताना बायोसमधला, जुन्या पद्धतीने संगणक सुरू करणारा लेगसी म्हणजेच सीएसएम मोड बंद केला, तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी डेटाची प्रत, मग डिस्कचे रूपांतर आणि त्यानंतर बायोसमधला बदल, हाच क्रम ठेवायला हवा. ज्यांचा प्रोसेसर खरोखरच जुना आहे त्यांना तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही आहेत. अशा संगणकाला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून हिशेबाच्या संगणकावर तो प्रयोग कोणी करू नये.

यापुढचा मुद्दा लिहिताना मला दुकानदारांचा रोष पत्करावा लागेल, पण तो लिहायलाच हवा. विनापरवाना विंडोज टाकलेले असेंबल्ड संगणक आजही विकले जातात. अ‍ॅक्टिव्हेटर चालवून ती प्रत खरी असल्याचे भासवले जाते आणि ते उघडे पडू नये म्हणून अपडेटची सेवाच बंद केली जाते, किंवा ज्यातून अपडेटचा भागच कापून टाकलेला आहे अशी 'लाइट' प्रत टाकली जाते. तिच्यावर अपडेट दुरुस्त करण्याचा प्रश्नच उरत नाही. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला १२ मे २०१७ रोजी झाला, आणि त्याला अडवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले लाखो संगणक निळ्या पडद्यावर गेले, त्या घटनेचा दाखला देऊन अपडेट बंदच ठेवावे असे काही जण सांगतात. ती घटना क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधल्या सदोष फाइलमुळे घडली होती, विंडोजच्या मासिक अपडेटमुळे नव्हे. अपडेट थोडे पुढे ढकलणे आणि कायमचे बंद करणे यांत फार अंतर आहे. विवरणपत्राची तारीख डोक्यावर असेल तर सेटिंगमध्ये जाऊन अपडेट एक आठवडा थांबवण्याची अधिकृत सोय आहे, ती वापरावी. ११ तारीख उलटली की डेटाची प्रत काढून, यूपीएसची बॅटरी तपासून, दुपारच्या निवांत वेळी अपडेट करून घ्यावे. संध्याकाळी दिवे जाण्याच्या वेळेला ते सुरू करू नये.

आणखी दोन गोष्टींकडे जाणकारांचे लक्ष वेधते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने विंडोज टाकले की डिस्क आपोआप कूटबद्ध होण्याच्या अटी शिथिल झाल्या आहेत, त्यामुळे असेंबल्ड डेस्कटॉपवरही ते घडू शकते. अशी डिस्क उघडण्याची रिकव्हरी की त्या खात्यात साठवली जाते. संगणक तयार करताना तंत्रज्ञाने स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल वापरला असेल, तर ती की ग्राहकाकडे नसून दुकानाकडे असते, आणि बायोस अपडेटनंतर किंवा सेल संपल्यानंतर निळ्या पडद्यावर की मागितली गेली की ग्राहक स्वतःच्याच डेटाला मुकतो. दुसरी गोष्ट सिक्युअर बूटच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची. त्यांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते आणि त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे यायची आहेत. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडणार नाही, पण नवी प्रमाणपत्रे पोहोचली नाहीत तर बूटशी संबंधित पुढचे संरक्षण मिळणे थांबेल. काही बोर्डना त्यासाठी बायोस अपडेट लागेल. तयार संगणकासाठी ते संबंधित कंपनीकडून येते. असेंबल्ड संगणकासाठी मदरबोर्डचे नेमके मॉडेल आणि त्याची आवृत्ती माहीत असल्याशिवाय ते शोधताही येत नाही, आणि चुकीच्या मॉडेलचे बायोस घातले तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

म्हणून शहरातल्या संगणक विक्रेत्यांना आपल्या दैनिकाद्वारे माझी विनंती आहे, की असेंबल्ड संगणक देताना बिलाबरोबर एक छापील कागद द्यावा. मदरबोर्डचे पूर्ण मॉडेल व आवृत्ती, बायोसची आवृत्ती व तारीख, प्रत्येक डिस्क कोणत्या पद्धतीची आहे आणि संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू होतो, टीपीएम व सिक्युअर बूट चालू आहेत की बंद, विंडोजचे लायसन्स कोणत्या प्रकारचे आहे आणि ते कोणाच्या खात्याशी जोडलेले आहे, सेल केव्हा घातला, एवढे त्यात असावे. लायसन्सचा उल्लेख विशेष आवश्यक आहे, कारण पुढे मदरबोर्ड बदलला तर विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होईल की नाही हे त्याच्या प्रकारावरच ठरते. संगणक एका दिवसात जोडणाऱ्या माणसाला हा कागद भरायला पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे, तेव्हा ही मागणी अवास्तव नाही. ग्राहकांनीही खरेदीच्या वेळीच तो कागद मागून घ्यावा, विंडोजचे खाते स्वतःच्या ईमेलवर काढावे आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला फॉरमॅटची परवानगी देण्यापूर्वी पडद्यावरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आयटीआय आणि खासगी संस्थांमधून हार्डवेअर शिकून बाहेर पडणारी मुले या कामात नव्याने येत आहेत. त्यांना पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला उत्तम येते. अपयशाच्या नोंदी वाचणे, डिस्कची मांडणी पाहून दोष कुठे आहे ते ओळखणे आणि ग्राहकाच्या डेटाची प्रत काढल्याशिवाय कशालाही हात न लावणे, या गोष्टींचे प्रात्यक्षिक त्यांच्या अभ्यासात असावे, अशी त्या संस्थांच्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे. माझ्या नियमित ग्राहकांच्या प्रत्येक संगणकासाठी मी वर लिहिल्याप्रमाणे कागद ठेवते. त्याचा नमुना कोणा दुकानदाराला किंवा शिक्षकाला हवा असल्यास तो विनामूल्य देण्यास मी तयार आहे. त्यात आपल्या गरजेप्रमाणे भर घालून त्यांनी तो जरूर वापरावा.

आपली विश्वासू,
संगणक देखभाल व्यवसायातील एक वाचक,
सातपूर, नाशिक